अँपिअर की व्होल्ट

पेण-रोहा रस्त्यावर म्हैस आडवी आली, तरी अनंतकाका हॉर्न वाजवत नसत. जीप थांबवून मुंडकं बाहेर काढत आणि शांतपणे म्हणत, "बाय, सरक जरा." कारण विचारलं की समोरच्या मीटरकडे बोट. "हॉर्न किती अँपिअर खातो, ठाऊक हाय काय मास्तर?"

मी तेव्हा रोह्याच्या शाळेत शिक्षक होतो. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पेणहून रोज त्यांच्याच पॅसेंजर जीपनं जायचो. बॅटरीत वीज भरतेय की बॅटरीतून जातेय, हे तो अँपिअर मीटर दाखवायचा. काटा डावीकडे गेला, म्हणजे वीज खर्च होऊ लागली, की काकांचा चेहरा पडायचा.

एक दिवस तो मीटर जळला. वायरिंग करणारा सलीम म्हणाला, "काका, आता व्होल्टमीटर घ्या, बॅटरीचा जोर दाखवतो. अँपिअर मीटरातनं सगळी वीज फिरते, वायर तापते. नायतर नुसता लाल दिवा लावतो, चार्जिंग बंद पडलं की पेटंल."

"दिवा नको. चोर गेल्यावर भुंकणारं कुत्रं ते. दोन्ही मीटर बसव. पारखून घेणार."

पंधरा दिवस दोन्ही काटे शेजारी-शेजारी नांदले. नोंदवही माझ्या हातात. काका भरदुपारी दिवे लावत, नागोठण्याला थांबून इंजिन घुमवत. पॅसेंजर कुरकुरले तर म्हणत, "पोचाल. बॅटरी राहिली तर."

पुढच्या सीटवर काकी असत. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची वाचा गेली होती. घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काका त्यांना रोज बरोबर आणत.

सोळाव्या दिवशी पाहतो तर अँपिअर मीटर काढलेला. मी वही पुढे केली. "काका, इंजिनाचा पट्टा सैल झाला तेव्हा अँपिअरनंच आधी सांगितलं. तोच सरस."

"व्हय, सरस हाय."

"मग काढलात का?"

काकांनी मला जीपच्या मागं नेलं. "तो काटा डावीकडं गेला का ती माझी बाही धरते. गाडी बंद पडंल वाटतं तिला. व्होल्टचा काटा फारसा हलत नाय. ती निवांत बसते."

"वहीत हे कुठं आहे?"

"काटे तुम्ही बघत होता मास्तर. मी तिच्याकडं बघत होतो."

मग ते पुढं गेले. काकींचा लुळा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, पदर आत घेतला आणि दार आवाज न करता लावलं.