मनात येईल ते मोठ्याने बोल

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं काढली. तीनशे नंबर तोंडपाठ! माणूस चिडलाय की नुसताच भुकेला आहे, हे मी 'हॅलो'वरून ओळखायचे. त्यामुळे नात म्हणाली, "आजी, एका वेबसाइटची चाचणी आहे, बसशील?" तेव्हा मी पदर खोचूनच बसले.

नातीची नोकरी अजून कच्ची होती. चष्म्याच्या दुकानाची ही साइट मालकांना पसंत पडली, तरच ती पक्की होणार होती.

"डोळे तपासायची वेळ ठरवायची, बस्स. मी शेजारच्या खोलीतून सेकंद मोजणार, माउसच्या टिचक्या मोजणार. तू मनात येईल ते मोठ्याने बोल."

"सगळं?"

"सगळं! तेच तर हवंय."

मी सुरुवात केली. "पान उघडतंय... अजून उघडतंय... एवढ्यात आम्ही परगावचा फोन जोडायचो गं! हं, आला फोटो. हा दुकानाचा मालक का? दाढ काढायला बसल्यासारखा हसतोय. बटण कुठेय? टकलावर दाबून बघते. नाही. पुन्हा दाबते. नाही!"

"आजी," नात दारातून कुजबुजली, "जरा—"

"मीच चुकतेय ना?"

"परीक्षा साइटची आहे, तुझी नाही!"

"मग चुकतेय कोण?"

नात कपाळाला हात लावून आत गेली. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं खरं. पण मनात येईल ते बोलायचं ठरलं होतं, मी बोलत राहिले. "अगदी वडिलांवर गेलाय हा! त्यांचा रोज दुपारी तीनचा फोन मीच जोडायचे. आणि तो काही चष्म्याबद्दल नसायचा!"

अकरा मिनिटं झाली तरी बटण सापडेना. नातीची नोकरी डोळ्यांपुढे तरळायला लागली. शेवटी मी जन्मभर केलं तेच केलं. दुकानाचा नंबर तीन आकडी होता तेव्हापासून पाठ. पुढे जे आकडे वाढले, तेही पाठ केलेले. लावला फोन!

आणि घंटी वाजली ती शेजारच्या खोलीतल्या नातीच्या कॉम्प्युटरातून!

मी गोंधळून फोनमधला आवाज ऐकला. "बोला, आजी. मालकच बोलतोय. मघापासून तुमच्या नातीच्या कॉम्प्युटरवरून सगळं ऐकतोय."

"अगंबाई!"

"उद्या चारला या डोळे तपासायला. आणि तीनच्या फोनचं पुढचं काही सांगू नका. आई शेजारीच बसलीय."

नात पांढरीफटक पडून अहवाल घेऊन आली. साइट: अकरा मिनिटं, त्रेसष्ट टिचक्या, काम अपुरं. फोन: पस्तीस सेकंद, काम फत्ते. कुठे किती टिचक्या पडल्या त्याचं चित्रही होतं. तांबडा भडक ठिपका, थेट मालकांच्या टकलावर!

पण मालक खूश झाले. "पहिल्या पानावरून माझा फोटो काढा, नंबर टाका. एवढा मोठा!" नातीची नोकरी पक्की झाली. मी आठवडाभर ताठ मानेने फिरले.

परवा चष्म्याची काडी मोडली, म्हणून दुकानात फोन लावला.

एंगेज! सकाळपासून एंगेज! शेवटी नातीलाच म्हटलं, "बाई गं, त्या साइटवर ते बटण कुठेसं होतं?"