हळद-कुंकवाचा डोंगर

गोष्ट त्र्याण्णव सालची. माझी नात नीला चौथीत होती. शाळेतून तिला भेटकार्ड करून आणायला सांगितलं, ते बघून मी ठरवलं, आपणही एक करायचं. (मी शाळेची पायरी चढले नाही; वाचायला शिकले ते किराणाच्या पुड्यांवरून. त्यामुळे मला सगळं येतं.)

कारणही होतं. तीर्थपुरीला दिलेली माझी धाकटी बहीण सगुणा तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्या पापडांना चपलेचा तळ म्हणाले होते. होतेच ते. पण साठी उलटल्यावर वाटायला लागलं, ही अशीच रुसून राहिली तर मी भांडू कुणाशी? पत्र लिहिलं असतं, पण सगुणाला अक्षर येत नाही. माझी माफी तिच्या सुनेनं घरभर ऐकू जाईल अशी वाचायची, हे मला बिलकुल मंजूर नव्हतं. चित्राला वाचणारा लागत नाही.

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. मागं डोंगर, त्याच्यापुढं झाडं, सगळ्यात पुढं शेत. मधे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून एकेक थर वर उचलला. भेंडी कापून फुलांचे ठसे मारले, बटाटा कोरून दोन चिमण्यांचे. एक ती, एक मी. नीलानं तिचे रंग द्यायला साफ नकार दिला, मग शेताला हळद लावली आणि फुलांना कुंकू. चारी कोपरे रिकामे दिसत होते, तिथंही बोट टेकवलं. (सुंदर दिसत होतं. हे मीच सांगते, दुसरं कुणी सांगितलं नाही.)

पाकिटावर दोघींचा पत्ता घालून कार्ड पोस्टात टाकलं. पाचव्या दिवशी मस्तगडला आमच्या दारात जीप. आतून अकरा माणसं उतरली, बाया जरीच्या लुगड्यांत. पुढं सगुणा, हातात आहेर.

“नवरी कुठंय?”

“कोणाची नवरी?”

“अक्का, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून पत्रिका धाडली तू. आमचा कडूबा म्हणला, आई, हिच्यात तारीख न्हाई, नाव न्हाई. मी म्हणलं, घाईचं लग्न असंल, जीप कर जल्दी.”

“अगं, घरात बिनलग्नाची एकटी नीला. नऊ वर्षांची है ती.”

“म्हणून तर अकरा जणं आणले. पटलं तर आहेर, न्हाई तर लग्न मोडून टाकायचं.”

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. (खाली मान घालायची सवय नाही, दुखली.) सगुणानं पिशवीतून कार्ड काढून उलटसुलट बघितलं.

“मंग ह्या दोन कोंबड्या?”

“चिमण्या हैत. एक तू, एक मी.”

तिनं कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

“यातली जाडी कोणती?”

“तू.”

“वाटलंच.” तिनं पदर खोचला. “कडूबा, जीप परत जाऊ दे. मी ऱ्हाती चार दिवस. अन् अक्का, पुढच्या बारीला चित्र काढू नको. सरळ दोन शिव्या धाड. त्या बराबर कळत्यात.”