अप्पांचा वाट चुकलेला पाहुणा

वेळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या रानजेवणाच्या सणाला, शिरूर अनंतपाळजवळच्या अप्पांच्या शेतात दुपारी भाज्या-शेंगांची भज्जी पोटभर मिळते, पण ताकातल्या आंबिलीचा माठ दिवस मावळेपर्यंत फडक्यानं बांधलेला असतो. आधी दुर्बिणीला डोळा लावायचा, मग आंबील.

मी शाळामास्तर; अप्पा माझे लातूरचे शेजारी. कापडाचं दुकान. पण बूड टेकवतील तर शपथ. कापड मोजता मोजता सूर्य कलला की मीटरपट्टीसकट गच्चीवर, आणि गिऱ्हाईक खाली कापडाचं टोक धरून उभं.

ठरावीक वर्षांनी सूर्याकडे येणारे काही धूमकेतू एखाद्या खेपेला येतच नाहीत. शास्त्रज्ञांनाही मग त्यांचा माग लागत नाही. अशाच एकाची अप्पा वाट बघतात. कुणी ‘हरवलेला’ म्हटलं की भडकतात. “हरवला न्हाई. वाट चुकलाय. पाहुण्याला असं बोलतेत का?”

अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या; त्यानंतरच्या वेळ अमावस्येला जेवून हात धुतले तसे लोक मोटारसायकलींकडे बघू लागले. काही तर निघालेही. सूर्य बुडाला. अप्पा पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीभोवती येरझाऱ्या घालत होते. मला आंबील हवी होती. दुर्बिणीत क्षितिजावर काहीतरी पांढुरकं होतं. मी म्हणालो, “दिसला.”

बांधावर पोहोचलेले परत फिरले. रांग लागली. सगळ्यांना दिसला, शेपटीसकट. माठ रिकामा झाला, गप्पा रंगल्या, गडद अंधार पडला तरी कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी अप्पा एका कॉलेजात सांगायला गेले. तिथल्या प्राध्यापकांनी हसून सांगितलं, तो साखर कारखान्याच्या दिव्यांचा उजेड. तेव्हापासून बाजारात त्यांचं नाव ‘शेपटीवाले अप्पा’. ते नाव ऐकून मीही हसत आलो. म्हणून हे लिहितोय: ‘दिसला’ हा शब्द अप्पांचा नव्हता, माझा होता.

यंदा शेतात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा त्यांनाही सांगून टाकलं.

“ठाव हाय की, गुरुजी. कारखान्याची बत्ती मला कळत न्हाई व्हय?”

“मग कॉलेजात कशाला गेलात?”

अप्पा पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसले. “तुमच्या एका शब्दावर सगळे थांबले होते. ही गेल्यापासून इथं इतकी माणसं कधी बसली नव्हती. म्हटलं, कॉलेजवालेबी हो म्हटले तर पुढल्या सालीबी थांबतील.”

त्यांनी दुर्बीण माझ्याकडे सरकवली. मी बराच वेळ बघितलं.

“अजून नाही, अप्पा.”

“मग बसा,” म्हणत त्यांनी माठाचं फडकं सोडलं.