दगाकाकांचं पितळी चाक

आमच्या घरी भाकरी तोडण्याआधी उजेडात धरून पाहावी लागे. दगाकाका पितळेचं दातेरी चाक कानसून झालं, की परातीतल्या मळलेल्या पिठावर फिरवत आणि दात सारखे उमटले का ते पाहत. मग ते पीठ पितळेच्या किसासकट तसंच थापलं जाई.

“काका, आज बी पीठमा चाक फिरावं का?” बायको विचारी.

“तेरा दात बराबर उनात. चौदावा वाकडा शे,” काका खुशखबर दिल्यासारखं सांगत.

काका म्हणजे माझे बिनलग्नाचे चुलते. खांडबाऱ्याच्या बाजारात कुलपं-कंदील दुरुस्त करत. स्टेशनमास्तरांच्या कुसुमचं किल्लीचं खेळण्यातलं इंजिन त्यांच्याकडे आलं आणि आमच्या घराला ग्रहण लागलं. आतल्या चाकाचे दात झडले होते. नवं चाक म्हणे विलायतेतच मिळे.

“विलायतना लोके काय आभायमातून पडनात?” काका म्हणाले. त्याच दिवशी चाकापायी आमच्या पोह्यांच्या डब्याचं पितळी झाकण गेलं.

मी शाळेत गणित शिकवी, म्हणून चाकाचे चौदा सारखे भाग पाडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या आखणीत चौदाव्या दाताला निम्मीच जागा उरली. काकांनी दोऱ्याने मापून घटकेत भाग पाडले.

“मास्तर, पोरेसले काय शिकाडस रे तू?”

कुसुम रोज संध्याकाळी येई, ओट्यावर बसून गप्पा मारी आणि विचारी, “झालं का, काका?”

“उद्या.”

असं दोन महिने चाललं. तिचे वडील मला गाठून विचारू लागले. मी मागच्या गल्लीने शाळेत जाऊ लागलो.

अखेर त्यांची सुरतेकडे बदली झाली. “काका, आता तरी द्या! पोर इंजिनावाचून जाईल!” मी ओरडलो. काका कानस घासतच राहिले.

निघायच्या दिवशी गाडी फलाटाला लागली तरी काकांचा पत्ता नाही. मी कुसुमची नजर चुकवत उभा. तेवढ्यात काका धोतर सावरत आले आणि त्यांनी खिडकीतून इंजिन आत दिलं. कुसुमने किल्ली फिरवली. बाकावर ते असं सुटलं, की तिच्या वडिलांनी ते कसंबसं झेललं.

“वा, दगाजी! दहा वर्षं बघायला नको!”

“कसानं दहा वरीस?” काका घाईघाईने म्हणाले. “पितय नरम शे. दोन महिनामा झिजी. झिजनं का पत्र लिखजो, माय. मी दुसरं करी ठेवस.”

स्वतःच्या पुऱ्या झालेल्या कामाला नावं ठेवताना काकांना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी हलली. काका खिडकी धरून चालत तिला पत्ता सांगत राहिले. जिथे ती दोन महिने रोज येत होती, त्याच घराचा.