जीभ आत, चिठ्ठी मागे

ओन्नी लाहतिनेनने मेलेल्या हरणाची जीभ चमच्याच्या दांड्याने तिसऱ्यांदा आत ढकलली, जबडा दाबून धरला आणि मागे न बघताच बायकोला म्हणाला, "साइमा, ओला रुमाल दे."

"कितवा?" साइमाने विचारलं. बर्फात उभं राहून तिच्या पायांची लाकडं झाली होती. हरण तिने पावणेआठला पाडलं होतं. आता दहा वाजत आले होते आणि ते हरण जिवंतपणी नव्हतं इतकं स्वच्छ झालं होतं.

"नाकाशी रक्ताचा एक ठिपका राहिलाय."

"गोळी घातलीय मी त्याला, ओन्नी. त्याचं लग्न नाही लावायचंय."

ओन्नीने तिकडे लक्ष दिलं नाही. पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं शिक्के मारणारा हा माणूस एरवी साधा होता, पण शिकारीच्या फोटोचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. आठ वर्षांपूर्वी त्याने पोस्टाच्या टाइपरायटरवर नियमांचा एक कागद बडवला आणि पेल्कीच्या हार्डवेअरच्या दुकानात फोटोंच्या फळ्याशेजारी लावला. जीभ आत हवी. रक्त पुसलेलं हवं. ट्रकच्या हौद्यात फोटो काढू नये, हातात बिअरचा डबा धरू नये, हरणाच्या पाठीवर बसू नये, कारण ते घोडा नाही. गाव हसलं, पण हळूहळू सगळे ओन्नीलाच फोटो काढायला बोलवू लागले. फळ्यावरच्या निम्म्या फोटोंत दुसऱ्यांची हरणं आणि ओन्नीची कला होती.

त्याचं स्वतःचं हरण मात्र अकरा वर्षांत एकही नव्हतं. समोर हरण आलं की तो आधी उजेड कुठून येतोय ते बघायचा, आणि बघून होईपर्यंत हरण दुसऱ्या गावाला पोचलेलं असायचं.

साइमाचं तसं नव्हतं. तिचे तिघं भाऊ मोटारींच्या कारखान्यात कामाला डेट्रॉइटला गेले, म्हणून बापाने बंदूक हिच्या हातात दिली. पेल्कीच्या फळ्यावर सगळ्यात वर त्या बापाचा एकोणपन्नास सालचा फोटो होता. त्याच्याखालची जागा साइमाने मनातल्या मनात केव्हाच धरून ठेवली होती. तीन मोसम ती शिंगांना दहा टोकं असलेल्या या नराच्या मागे होती. आज तो पडल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "बाबांच्या खाली लागेल आता."

"ही चिठ्ठी घाण दिसते," ओन्नी म्हणाला. परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधायची असा कायदा होता, त्यामुळे ती लोंबत होती. त्याने ती अलगद शिंगामागे, कानाच्या आड खोचली.

"त्यावर माझं नाव आहे."

"फोटोत नावं नाही वाचायची, डोळे बघायचे. आता बसायचं कसं ते नीट बघ." तो स्वतः हरणामागे गुडघ्यावर बसला, बंदूक आडवी ठेवली, शिंगावर हलका हात टेकवला आणि मान थोडी झुकवली. "अशी. मिजास नको, आदर हवा. तू कॅमेऱ्यातून बघ, शिंगं आभाळावर येतात का?"

साइमाने लोकरी हातमोज्यांतच कॅमेरा डोळ्याला लावला. "येतात," ती म्हणाली, आणि खटका दाबला गेला.

"अगं! तीनच उरले होते!" ओन्नी ओरडला. बाकीचा सगळा रोल त्याने बर्चच्या झाडांवर संपवला होता, पण ते त्याने सांगितलं नाही.

मग साइमा बसली. नेमका तेव्हाच जबडा सैल झाला, जीभ वीतभर बाहेर आली, कानामागची चिठ्ठी सुटून थेट पुढे लोंबली आणि हे सगळं बघून साइमाला असं हसू फुटलं की तिचे डोळेच मिटले. ओन्नीचं बोट त्याच क्षणी खटक्यावर पडलं. शेवटच्या फोटोच्या वेळी त्याने इतका जोरात सुस्कारा सोडला की भिंगावर वाफ धरली.

रोल पेल्कीच्याच दुकानातून धुवायला जायचा. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ओन्नी फोटो आणायला गेला, तर दार उघडताच टाळ्या पडल्या.

"अकरा वर्षांनी!" शेजारचा रेइनो गरजला. "आम्ही तर तुला पोस्टाचं तिकीट लावून परत पाठवणार होतो!"

फळ्यावर, साइमाच्या बापाच्या बरोबर खाली, ओन्नी होता. गुडघ्यावर, मान झुकलेली, हात शिंगावर, मागे निळं आभाळ. खाली पेल्कीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओन्नी लाहतिनेन, दहा टोकं'. पेल्कीने पाकिटातला सगळ्यात चांगला फोटो निवडला होता, आणि त्याची निवड चुकली असं कुणीच म्हटलं नसतं.

ओन्नीने तोंड उघडलं. तेवढ्यात पेल्कीने त्याच्या हातात निळा मग दिला. मोसमातलं सगळ्यात मोठं हरण ज्याचं, त्याने दुकानातली कॉफी त्या निळ्या मगातून प्यायची, अशी तिथली रीत होती. अकरा वर्षं ओन्नीने तो मग दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता. एक घोट घेतो आणि सांगतो, असं त्याने ठरवलं.

"किती लांबून?" रेइनोने विचारलं.

"ऐंशी पावलं."

"एकाच गोळीत?"

"एकाच."

"वारा?"

"समोरून."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. कॉफी संपली, दुसरीही संपली, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. बाहेर आल्यावर त्याने पाकीट उघडलं, साइमाचा हसरा फोटो काढून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि घरी आला.

"आले फोटो?" साइमाने विचारलं.

"अजून नाही," ओन्नी म्हणाला. हे मात्र सरळ सरळ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे सॉनाचा दिवस. अंगणातल्या लाकडी खोलीत दगड तापवून दोघं वाफेत बसायची, लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी एक शनिवार चुकला नव्हता. फिनलंडहून आलेल्या लोकांच्या त्या गावात सॉनात भांडायचं नसतं आणि खोटं तर मुळीच बोलायचं नसतं, हे सगळ्यांच्या आज्यांनी लहानपणीच बजावलेलं. म्हणून ओन्नी आत गेलाच नाही.

"गुडघा धरलाय," तो म्हणाला.

"मग शेकायलाच ये की."

"शेकल्याने वाढतो."

साइमा एकटीच टॉवेल घेऊन गेली.

सोमवारपासून ओन्नी रोज पेल्कीकडे जाऊ लागला. फोटो हळूच काढून आणायचा, एवढाच बेत. पण दुकानात कुणी ना कुणी असायचंच, पाठ थोपटायचं, आणि रिकाम्या हाताने परतलं तर संशय यायचा, म्हणून तो काहीतरी घेऊन यायचा. सोमवारी खिळे आणले, मंगळवारी बिजागऱ्या, बुधवारी पुन्हा खिळे. गुरुवारी दुकानात बाराजण होते, त्यांना ऐंशी पावलांची हकिगत सांगता सांगता जे हाताला लागलं ते उचललं. घरी येऊन बघतो तर संडास मोकळा करायचा रबरी दांडा.

"काय बांधतोयस तू?" साइमाने विचारलं.

"विचार चाललाय."

"आणि उद्या मला दुकानात जायचंय. लोकर संपली."

"मी आणतो!" तो इतक्या जोरात म्हणाला की टेबलाखालचं कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने लोकरीऐवजी सुतळी आणली. साइमाने ती लोकरीच्या टोपलीत ठेवली. त्या शनिवारी तो सॉनात गेला नाही, सर्दी झाली म्हणाला. रात्री अंथरुणात त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्याने पांघरूण तोंडावरून घेतलं. बायकोची शिकार चोरणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता, आणि आता तो रोज सकाळी आरशात दाढी करताना भेटत होता.

रविवारी चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांचं जेवण होतं. साइमा सकाळपासून बायकांबरोबर हरणाच्या मटणाचा रस्सा ढवळत होती. ओन्नी आत शिरला आणि जागच्या जागी थिजला. समोरच्या भिंतीवर तोच फोटो होता, मोठा करून, दाराएवढा.

"या वर्षीचा मानकरी!" पेल्कीने त्याला हाताला धरून पुढे नेलं. "सांग रे हकिगत. आणि नीट सांग, पोस्टात बोलतोस तसं पुटपुटू नकोस."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून रश्शाचं पातेलं घेऊन साइमा बाहेर आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पातेलं टेबलावर ठेवून तिने हात पुसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे हरण मी नाही मारलं," ओन्नी म्हणाला. "साइमाने मारलं."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"याला म्हणतात नवरा!" रेइनो उभाच राहिला. "स्वतःची शिकार बायकोच्या ओटीत घातली!"

"आमच्या ह्यांनी कधी साधा ससा नाही दिला," एक बाई डोळे पुसत म्हणाली.

"अहो, खरंच तिने मारलंय!" ओन्नी ओरडला. "मी नुसता बसलो होतो! कसं बसायचं ते दाखवायला!"

"किती तो विनय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

"चिठ्ठी बघा! चिठ्ठीवर तिचं नाव आहे!" तो फोटोकडे धावला. दाराएवढ्या फोटोत हरणाच्या पापणीचा केसन् केस दिसत होता, पण चिठ्ठी कुठेच नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने ती कानामागे खोचली होती, आणि फार नीट खोचली होती.

आता एकच उपाय उरला होता. ओन्नीने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. सगळ्या गावासमोर असला फोटो दाखवण्यापेक्षा विजार काढून उभं राहणं त्याला सोपं गेलं असतं. तरी त्याने तो वर धरला. डोळे मिटून खदखदणारी साइमा, वीतभर जीभ काढलेलं हरण, आणि बरोबर मधोमध, भिंगाच्या तोंडाशी, लोंबणारी चिठ्ठी.

पेल्कीने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्याने वाचलं, "साइमा लाहतिनेन."

पुढच्या बाकावरचे सगळे चिठ्ठी बघायला वाकले.

"मग नऊ दिवस निळ्या मगातून काय पीत होतास रे?" रेइनोने विचारलं.

ओन्नी मान खाली घालून उभा राहिला, आणि या खेपेला ती आदराने झुकलेली नव्हती. पेल्कीने त्याच्या हातातून फोटो काढून घेतला. "हा उद्या फळ्यावर. हिच्या म्हाताऱ्या बापाच्या खाली."

"पण जीभ..." ओन्नीच्या तोंडून निसटलं.

"म्हाताऱ्याच्या फोटोतल्या हरणाचीही बाहेरच आहे," पेल्की म्हणाला. "तो फोटो तू कधी नीट बघितलायस का?"

दुपारी घरी आल्यावर साइमाने, रविवार असूनही, सॉना पेटवला. "येतोस?" तिने विचारलं. ओन्नीने गुडघ्याचं नाव काढलं नाही.

तो सगळ्यात खालच्या फळीवर बसला. साइमा वर बसली होती आणि निळ्या मगातून थंड पाणी पीत होती.

"फळ्यावरचा फोटो मी सोमवारीच बघितला," ती म्हणाली. "तू खिळे घेऊन निघालास, आणि मी लोकरीला गेले. पेल्की घाबरून फोटो उतरवायला लागला. मीच म्हटलं, राहू दे. मोठाही करून घे."

"सोमवारी? आणि बोलली नाहीस?"

"तुला किती दिवस लागतात ते बघत होते. मी चार धरले होते."

तापलेले दगड तडतडले. ओन्नीच्या नाकावरून थेंब गळत होते, आणि सगळेच घामाचे नव्हते.

"एक विचारते," साइमा म्हणाली. "टाळ्या वाजल्या, निळा मग हातात आला, तेव्हा कसं वाटलं?"

ओन्नीने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, आणि ते दोघं सॉनात होते.

"छान वाटलं," तो म्हणाला. "फार छान वाटलं गं."

साइमाने हातातला मग बाजूला ठेवला, पळी उचलली आणि एका पळीनेच अंग पोळतं त्या दगडांवर एकामागून एक पाच पळ्या पाणी ओतलं.