मोंव्हिराकचा वीर पाववाला

इतिहास ही राष्ट्राची ठेव असते, आणि फ्रान्समध्ये ती गावोगाव वाटून दिलेली आहे. मोंव्हिराकच्या वाट्याला मात्र एक चर्च, कपडे धुण्याचा एक दगडी हौद आणि एक बुरूज एवढंच आलं. (बुरूज म्हणजे जुना कबुतरखाना. पण कबुतरखाना बघायला पॅरिसहून कोण येणार?) तेव्हा ग्रामसभेने एकमताने ठरवलं, की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी झुंजणारा आन्सेल्म पुजोल पाववाला याच बुरुजात लपला होता. (पुजोलच्या नातवाने तर दोन्ही हात वर केले.)

लपला होता हे खरंच. निवृत्त शिक्षिका ओदिल फुर्नेराँ यांच्या आईनेच त्याला तिथे सूप नेऊन दिलं होतं. फक्त तो बायकोला भिऊन लपला होता, आणि जर्मन तेव्हा गाव सोडून गेले होते.

बुरुजावर पाववाल्याच्या नावाची पाटी लागणार होती, आणि तिच्या उद्घाटनाचं भाषण ओदिलबाईंकडे आलं. त्या तडक मेयरकडे गेल्या. मेयर त्यांचाच विद्यार्थी.

"फुल्क्राँ, जंगलात लपून जर्मनांशी लढणाऱ्या पोरांना जेवण पोचवायची ती रेमेदिओस, धुणंवाली. जर्मनांनी हौदावरून धरून नेली तिला. परत आली नाही. तिची पाटी लाव."

"बाई, नाव स्पॅनिश आहे हो. लोक म्हणतील, लढणाऱ्यांत या गावचं आपलं कोणी नव्हतंच का?"

"नव्हतंच. आणि तिची चुगली केली कोणी?"

"त्यांची नातवंडं मतदार आहेत, बाई." (फुल्क्राँ शाळेतही असाच प्रामाणिक होता.)

उद्घाटनाला बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोण कोणाला भिऊन लपलं, कोणाला नेलं, दारं कोणी लावून घेतली. आता दगड येणार, असं त्यांना वाटलं.

आल्या त्या टाळ्या. मेयरने बाईंच्या ओघवत्या शैलीचे आभार मानले आणि वाइनची बाटली उघडली. पहिल्या रांगेतली एक पर्यटक बाई तर डोळे पुसत होती. ओदिलबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिचा हात धरला.

"तुम्हाला तरी कळलं."

"कळलं म्हणजे काय! किती शूर हो तुमचा पाववाला!"

ओदिलबाईंनी हात सोडला आणि वाइन न घेताच त्या घरी गेल्या.

त्या पर्यटक बाईला आपण मनसोक्त हसू. फक्त त्याआधी, वर नजर न टाकता, त्या धुणंवालीचं नाव सांगा.