न उघडलेल्या पोथीचा चिकित्सक अभ्यास

मिरजगावच्या अलीकडे आमचे गाव. शाळा मठाच्या ओसरीत भरत असे. ओसरीवर मुलींना मज्जाव होता, कारण तसे पोथीत लिहिले होते. पोथी देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली असे. ती उघडू नये, असेही तिच्यातच लिहिले होते. त्यामुळे तीन पिढ्यांत ती कोणी उघडली नव्हती. मी त्या शाळेचा मास्तर.

झुंबरबाईंना हे पटत नसे. त्यांची नात चांगुणा ओसरीखाली उन्हात बसून पाढे ऐकायची आणि एकोणीसचा पाढा आतल्या मुलांपेक्षा बिनचूक म्हणायची. त्यामुळे एकाहत्तर साली कॉलेजातले प्राध्यापक श्रीमंत भापकर 'मठपरंपरा, वाङ्मय आणि लोकशिक्षण' या विषयावर पीएच. डी. करायला गावात आले, तेव्हा सर्वांत जास्त आनंद झुंबरबाईंना झाला. शिकलेला माणूस पोथी वाचील आणि खरे काय ते एकदाचे कळेल, असे त्या घरोघर सांगत सुटल्या.

मठाचे गहिनीनाथबाबा पोथी उघडू देईनात. भापकरांनी विश्वस्तांकडे अर्ज केला. विश्वस्तांनी तीन बैठका घेऊन ठराव केला, की अभ्यासास हरकत नाही, मात्र गाठ सोडू नये. भापकरांनी ही अडचण विद्यापीठाला कळवली. नोंदलेला विषय बदलता येत नाही, प्रबंध मुदतीत सादर करावा, असे उत्तर आले.

भापकर कामाला लागले. त्यांनी पोथीची लांबी-रुंदी मोजली, गाठींचे प्रकार नोंदवले. वजनावरून ओव्या अदमासे चार हजार ठरल्या, वासावरून काळ ठरला. मजकुरासाठी त्यांनी बाबांची मुलाखत घेतली. बाबांना अक्षरओळख नव्हती, तरी ते चार दिवस सलग मजकूर सांगत होते.

त्र्याहत्तर साली प्रबंध मान्य झाला. मूळ संहितेचा इतका सखोल परिचय क्वचितच आढळतो, असा शेरा परीक्षकांनी दिला. 'स्त्रियांना ओसरीवर मज्जाव असल्याचे पोथीत नमूद आहे,' हे वाक्य पान दोनशे बारावर आले. त्याच वर्षी वरून विचारणा झाली, की पटावर एकही मुलगी का नाही? मी पान दोनशे बाराची नक्कल जोडून पाठवली. खुलासा समाधानकारक असल्याचे कळवण्यात आले.

मठात डॉक्टर भापकरांचा सत्कार झाला. भाषणे संपल्यावर झुंबरबाई अंगणातूनच उठून उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी पोथी वाचली का, एवढेच त्यांनी विचारले. वाचन वेगळे आणि अभ्यास वेगळा, असे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी झुंबरबाई चांगुणाचा हात धरून पायरीशी आल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "बाबाला वाचाया येत न्हाई. त्या सायबाला गाठ सोडू दिली न्हाई. तुमी चौदा वर्सं हितं बसताय, देव्हारा तुमच्या खुर्चीमागं हाय. मठाची किल्ली सकाळी तुमच्यापाशीच आसती. तुमाला तर वाचता येतंय न्हवं?"

मी हो म्हणालो.

त्या थांबल्या. चांगुणाही माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मुले आली, म्हणून मी हजेरी घेतली. सगळे हजर होते.